पगार नगद, शेअर्स उधार: स्टार्टअपची ऑफर हातात आली तर आधी हे गणित करा



आपण इथं नेहमी दुकान, माल, जीएसटी, मुद्रा लोन यावर बोलतो. आज नोकरीवर बोलायचंय. धंद्याच्या पानावर नोकरी कशाला, असं वाटेल. पण आपल्यातले बरेच जण आज पुण्यात कामाला आहेत. हिंजवडीत, बाणेरला, खराडीला. चार-पाच वर्षं नोकरी करायची, पैसा साठवायचा आणि मग बीडला, अंबाजोगाईला, माजलगावला येऊन स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, असं त्यांचं ठरलंय. म्हणजे त्यांच्या उद्याच्या धंद्याचं भांडवल आजच्या पगारातूनच उभं राहणार आहे.

आणि या पगारावरच एक नवी कात्री आलीय. तिचं नाव ईसॉप. कंपनी म्हणते, "पगार थोडा कमी देतो, पण कंपनीचे शेअर्स देतो. उद्या कंपनी मोठी झाली की तुम्ही कोटीत खेळाल." ऑफर लेटरवर मोठा आकडा असतो. घरी फोन जातो, "कंपनीनं मला वीस लाखांचे शेअर्स दिले." आई पेढे वाटते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पगार म्हणजे नगद विक्री आणि शेअर्स म्हणजे उधारी. माझ्या काउंटरवर उधारीची वही आहे, तुमच्या काकांच्या दुकानातही असेल. वहीतला आकडा आपलाच असतो, पण त्यावर घाऊक व्यापारी माल देत नाही. तो विचारतो, वसूल किती झाले? ईसॉपकडेही याच नजरेनं बघायचं. नाही म्हणायचं असं नाही. पण वहीतल्या आकड्याला गल्ल्यातला पैसा समजायचं नाही.

उचल आणि ईसॉप

आपल्या जिल्ह्याला हा व्यवहार समजवायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. ऊसतोडीची उचल आपल्याला माहीत आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो, मग कोयता कारखान्यावर जातो आणि ती रक्कम फिटेपर्यंत राबतो. उचलीत पैसा आधी, घाम नंतर.

ईसॉपमध्ये उलटं आहे. घाम आधी, पैसा नंतर, तोही आला तर. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. मधेच सोडून जाणं महागात पडतं. ज्यांच्या आईवडिलांनी उचलीपायी पाय बांधून घेतले, त्यांच्या लेकरांनी कागद न वाचता दुसऱ्या दोरीत पाय घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्ञानराधा मल्टीस्टेटमध्ये आपल्या किती घरांच्या ठेवी अडकल्या ते बीडमध्ये वेगळं सांगायला नको. कागदावरचा आकडा आणि हातातला पैसा यांत किती अंतर असतं, ते आपण जवळून पाहिलंय.

ईसॉप म्हणजे नेमकं काय मिळतं?

पहिला गैरसमज काढून टाका. ऑफर लेटर मिळालं त्या दिवशी तुम्हाला शेअर मिळत नाही. मिळतो तो हक्क. "अमुक दिवसांनंतर, अमुक भावात तुम्ही आमचा शेअर विकत घेऊ शकता" असा. म्हणूनच त्याला ऑप्शन म्हणतात. जमिनीची भाषा वापरायची तर हा सातबारा नाही, इसार पावती म्हणा. तीही अटींची.

यात चार टप्पे असतात.

पहिला, ग्रँट. कंपनी ठरवते की तुम्हाला १०,००० ऑप्शन देणार.

दुसरा, व्हेस्टिंग. म्हणजे ते हळूहळू तुमच्या हक्काचे होणं. बहुतेक ठिकाणी चार वर्षांत हे पूर्ण होतं. आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान १ वर्षाचं अंतर असावंच लागतं. म्हणजे अकराव्या महिन्यात नोकरी सोडली, किंवा तुम्हाला काढलं, तर हातात शून्य.

तिसरा, एक्सरसाइज. म्हणजे खिशातून पैसे भरून प्रत्यक्ष शेअर घेणं. तोवर ना लाभांश, ना मतदानाचा हक्क.

चौथा, विक्री. खरा पैसा फक्त इथं दिसतो. आणि सगळ्यात अवघड टप्पा हाच आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या व्याख्येतच शेअर हस्तांतरावर बंधन असतं. तुमचा शेअर तुम्ही मोंढ्यात नेऊन विकू शकत नाही. कंपनी शेअर बाजारात आली, कुणी तिला विकत घेतलं, किंवा कंपनीनंच शेअर परत घ्यायची योजना काढली, तरच गिऱ्हाईक मिळतं.

एक नियम मात्र घरच्यांनाही सांगून ठेवा. नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन त्याच्या वारसांना किंवा नॉमिनीला मिळतात. त्यामुळे कागद कुठं ठेवलाय ते घरात माहीत असू द्या.

आता आकडे मांडू

समजा, तुमच्यासमोर दोन ऑफर आहेत. एका जुन्या कंपनीत वर्षाला ९ लाख. एका स्टार्टअपमध्ये ६ लाख ६० हजार, आणि वर "२० लाखांचे ईसॉप". १०,००० ऑप्शन, कंपनी म्हणते शेअरचा भाव २०० रुपये, तुम्हाला पडणार १० रुपयांना.

वहीचं पान काढा आणि लिहायला लागा.

पगारातला फरक वर्षाला २ लाख ४० हजार, महिन्याला २० हजार. चार वर्षांत ९ लाख ६० हजार. हे तुम्ही भरलेले पैसे आहेत. "फुकट मिळाले" हा शब्द इथं बंद. तुम्ही ९ लाख ६० हजारांचा माल घेताय, मग मालाची तपासणी नको का?

पुढचा प्रश्न, कंपनीचे एकूण शेअर किती? समजा २० लाख. म्हणजे तुमचा वाटा अर्धा टक्का आणि कंपनीची किंमत ४० कोटी धरलीय. एकूण शेअर माहीत नसतील तर १०,००० या आकड्याला काही अर्थ नाही. दहा हजार विटा मिळाल्या म्हणजे घर बांधून होतंय की नुसता ओटा, हे घराच्या नकाशाशिवाय कसं कळणार?

मग पुढच्या चार वर्षांत कंपनी दोनदा नवा पैसा उभा करते. प्रत्येक वेळी नवे शेअर निघतात आणि जुन्यांचा वाटा २० टक्क्यांनी पातळ होतो. अर्ध्या टक्क्याचं ०.४ होतं, मग ०.३२. दुधात पाणी गेल्यासारखं. वाईट हेतूनं नव्हे, व्यवहारच तसा आहे. पण आता तुमचे २० लाख पूर्ण व्हायला कंपनी ४० नाही, साडेबासष्ट कोटींची व्हावी लागते.

आणि कंपनी तेवढी झाली नाही तर? समजा चार-पाच वर्षांनी ती २० कोटींना विकली गेली. गावात बातमी येते, "त्याची कंपनी २० कोटींना गेली!" पण गुंतवणूकदारांनी त्यात १५ कोटी घातलेत आणि करारात लिहिलंय की विक्रीत आधी त्यांचे पैसे परत. अशी अट बऱ्याच करारांत असते. राहिले ५ कोटी. गुंतवणूकदारांचा वाटा ४० टक्के धरला, तर हे ५ कोटी उरलेल्या ६० टक्केवाल्यांत वाटले जाणार. तुमच्या ०.३२ टक्क्यांना मिळतात साधारण २ लाख ६७ हजार. त्यातून शेअर घेण्यासाठीचे १ लाख वजा करा. राहिले १ लाख ६७ हजार, आणि त्यावर कर वेगळा.

भरले ९ लाख ६० हजार, आले दीड-पावणेदोन लाख. आणि लक्षात घ्या, यात कंपनी बुडालेली नाही. ती विकली गेलीय, मालकाचा फोटो पेपरात आलाय.

हातात पैसा नसताना कर

हा भाग ऑफर देणारा सहसा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शेअर एक्सरसाइज केला की त्या दिवसाची शेअरची रास्त किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक तुमच्या पगारात मोजला जातो. वरच्या उदाहरणात भाव २०० च राहिला आणि सगळे १०,००० शेअर एकाच वर्षी घेतले, तर १९ लाख रुपये उत्पन्न म्हणून धरले जातात. एक रुपयाही खात्यात न येता.

२०२५-२६ च्या नव्या कररचनेनं हिशोब केला, तर ६ लाख ६० हजारांच्या पगारावर काहीच कर लागत नाही. त्यात हे १९ लाख मिळवले की कर होतो साधारण ३ लाख ३८ हजार. शेअरचे १ लाख वेगळे. म्हणजे जवळपास ४ लाख ४० हजार रुपये खिशातून घालायचे, अशा शेअरसाठी ज्याला आज गिऱ्हाईक नाही. पुढं विकले आणि भाव वाढलेला असला, तर त्या वाढीवर भांडवली नफ्याचा कर पुन्हा आहेच.

तुम्ही ऐकलं असेल की स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो. बरोबर आहे, २०२० च्या बजेटनं ती सोय केली. पण ती ठराविक प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपपुरतीच आहे, नुसती स्टार्टअप इंडियाची नोंदणी पुरत नाही. आणि नोकरी सोडली की सवलत संपते. गावाकडे येऊन धंदा टाकायच्या विचारात असलेल्या माणसाला नेमका हाच मुद्दा अडतो. दुकानासाठी पैसा पाहिजे तेव्हाच कराची नोटीस हातात.

त्यात नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती मुदत मिळते हे कंपनीच्या योजनेत लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ती फक्त ९० दिवस असते. तेवढ्यात पैसे जमले नाहीत, तर चार वर्षांत मिळवलेला हक्क वाया.

४० कोटी की १० कोटी? किंमत ठरवतो कोण?

आपल्या बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत तुम्हाला माहीत असतील. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून काम केलेला हा माणूस पुढं डिझाइन टेम्प्लेट कंपनी घेऊन शार्क टँक इंडियाच्या मंचावर गेला. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण आज त्यातला फक्त हिशोब बघा. त्यांनी मागितले होते अडीच टक्के हिश्शाला १ कोटी. म्हणजे कंपनीची किंमत ४० कोटी. अमन गुप्तांसोबत सौदा ठरला १० टक्क्यांना १ कोटी. म्हणजे किंमत १० कोटी.

तीच कंपनी, तोच माणूस, तोच दिवस. यात कुणी खोटं बोललं नाही. मालकाला आपला माल महाग वाटतो, घेणाऱ्याला स्वस्त पाहिजे असतो. सोयाबीनच्या लिलावात रोज हेच होतं. व्हॅल्युएशन म्हणजे दोन माणसांत जुळलेला भाव, तराजूवर केलेलं वजन नव्हे. तुमच्या ऑफर लेटरवरचे २० लाख कुणाच्या भावानं काढलेत, हे म्हणूनच विचारायचं. मालकानं मनात धरलेल्या, की गुंतवणूकदारानं खरोखर पैसे मोजलेल्या? ४० कोटींचे १० कोटी झाले की तुमच्या २० लाखांचे ५ लाख होतात.

बाजारात आलेल्या कंपनीचंही तेच. पुण्याची फर्स्टक्राय १३ ऑगस्ट २०२४ ला शेअर बाजारात आली. इश्यूचा भाव ४६५ रुपये, एनएसईवर पहिल्या दिवशी उघडला ६५१ ला. आणि २०२५ मध्ये तोच शेअर ४६५ च्याही खाली आला होता. बायजूज तर २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची कंपनी म्हणून गाजत होती. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिथं ज्यांच्याकडे ऑप्शन होते, त्यांनीही कधीतरी घरी फोन करून आकडा सांगितला असेलच ना?

मग इन्फोसिसचं काय?

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. १९८१ मध्ये पुण्यात १० हजार रुपयांवर उभी राहिलेली कंपनी. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विक्रीला काढला, १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना आणली आणि साध्या नोकरदारांची घरं बदलली. हे खरं आहे, आणि मला ते आवडतं. मालकानं कमावलेलं कामगारापर्यंत पोचवायचा याहून चांगला रस्ता क्वचितच असेल. म्हणून मी ईसॉपच्या विरोधात नाही.

पण तारखा परत वाचा. शेअर बाजारात कंपनी आधी आली, ईसॉप नंतर. म्हणजे ज्यांना शेअर मिळाले, त्यांच्या कंपनीचा भाव रोज पेपरात छापून येत होता आणि गिऱ्हाईक उभं होतं. तुमच्या ऑफरमध्ये ना रोजचा भाव आहे, ना गिऱ्हाईक. नाव तेच, माल वेगळा. शिवाय त्या काळात निघालेल्या आणि बंद पडलेल्या कंपन्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. गोष्ट जिंकणाऱ्याचीच सांगितली जाते.

"रिस्क घेतली नाही तर मोठा कसा होणार?"

हे वाक्य मला ट्रेनिंगमध्ये सारखं ऐकायला मिळतं. माझं उत्तर असं की रिस्क सगळ्यांची सारखी नसते. ज्याच्या वडिलांचा कोथरूडला फ्लॅट आहे, त्याला महिना २० हजार कमी मिळाले तर तो बाहेरचं जेवण कमी करेल. ज्याच्या २० हजारांवर बहिणीची फी, आईची औषधं आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आहे, त्याचे २० हजार गेले तर घर सावकाराच्या दारात जातं. ऑफर लेटर दोघांना एकच येतं. किंमत दोघांना एक पडत नाही.

आणि तुम्हाला पुढं स्वतःचा धंदा करायचाय ना? मग हेही बघा. महिना २० हजार चार वर्षं बाजूला टाकले तर व्याज न धरताही ९ लाख ६० हजार होतात. बीडमध्ये, परळीत, गेवराईत एवढ्या भांडवलावर छोटं दुकान सुरू होऊ शकतं, किंवा बँकेत कर्ज मागताना तुमचा स्वतःचा हिस्सा म्हणून ते दाखवता येतं. हीसुद्धा रिस्कच आहे. फरक एवढा की यात किल्ली तुमच्या हातात राहते. दुसऱ्याच्या कंपनीच्या अर्ध्या टक्क्यासाठी स्वतःच्या कंपनीचे शंभर टक्के लांबवायचे का, हा खरा प्रश्न आहे.

हे पाच प्रश्न विचारा, तेही मेलवर

लाजू नका. "सर, ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी ईसॉपबद्दल पाच गोष्टी मेलवर मिळतील का?" एवढं लिहिलं तरी चालतं. चांगली कंपनी चिडत नाही. जी चिडते, तिनं उत्तर दिल्यासारखंच आहे.

१. कंपनीचे सगळे ऑप्शन धरून एकूण शेअर किती? म्हणजे माझा टक्का किती?

२. मला शेअर किती रुपयांना पडणार, आणि गुंतवणूकदारानं शेवटचे पैसे कोणत्या भावानं, कोणत्या महिन्यात दिले?

३. व्हेस्टिंग कसं आहे, आणि नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला किती मुदत आहे?

४. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदारांना आधी किती द्यायचं ठरलंय? आणि आजवर कंपनीनं कर्मचाऱ्यांचे शेअर कधी परत विकत घेतलेत का?

५. भागधारकांच्या ठरावानं मंजूर झालेली ईसॉप योजना आहे का? तिची प्रत आणि माझं ग्रँट लेटर कधी मिळेल?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ईसॉप द्यायला कंपनीला भागधारकांचा ठराव करावा लागतो. तो नसेल तर "तुला एक टक्का देतो" हे वाक्य चहाच्या टपरीवरच्या गप्पांइतकंच. आणि तपासायची सोय तुमच्याकडेही आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कुठल्याही कंपनीची प्राथमिक माहिती फुकट दिसते. थोडी फी भरली की ताळेबंद, वार्षिक विवरण, नवे शेअर कुणाला किती दिले याचे फॉर्मही बघता येतात. न समजल्यास ओळखीच्या सीएला अर्धा तास मागा. ९ लाख ६० हजारांच्या खरेदीत एवढा खर्च काहीच नाही.

उत्तरं आल्यावर बोलणी करा. "ऑप्शन निम्मे द्या, पगार महिना १० हजार वाढवा" असं म्हणायला हरकत नाही. पगार वाढत नसेल तर नोकरी सोडल्यानंतरची मुदत वाढवून मागा. कंपनीला त्याचे आज काही पैसे पडत नाहीत, तुमचं मात्र मोठं काम होतं.

बीडमधला ईसॉप: "तुला पार्टनर करतो"

पुण्याला न गेलेल्यांनो, हा विषय तुमचाही आहे. आपल्याकडे ऑफर वेगळ्या शब्दांत येते. "दुकान तूच सांभाळ, पगार कमी घे, पुढं तुला पार्टनर करतो." मोबाइलचं दुकान असो, दूध संकलन असो, हार्डवेअर असो.

इथं कायदा काय म्हणतो ते बघा. ईसॉप फक्त कंपनी देऊ शकते. एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा भागीदारी फर्म देऊ शकत नाही, तिथं शेअरच नसतात. भागीदारी कायदा १९३२ चा आहे, आणि त्यात स्पष्ट आहे की नफ्यातला वाटा मिळतो एवढ्यानं नोकर भागीदार ठरत नाही. म्हणजे करारनामा नसेल तर तुम्ही दहा वर्षं स्वतःला पार्टनर समजाल आणि कायद्यापुढं कमी पगाराचे नोकर राहाल. खरंच भागीदार झालात तर दुसरी बाजू येते. फर्मच्या कर्जाला तुमचं घर-शेतही जबाबदार. आणि फर्मची नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावाही लावता येत नाही. म्हणून करारनामा, टक्का, तोट्याचा वाटा, बाहेर पडायची पद्धत आणि नोंदणी, सगळं कागदावर.

आणि तुम्ही स्वतः मालक असाल, तर पहिल्या विश्वासू पोराला "तुला दहा टक्के" असं तोंडी सांगू नका. वर्षाच्या नफ्यातून अमुक टक्के बोनस देईन, हिशोब मार्चनंतर दाखवीन, असं सरळ लिहून द्या आणि दिवाळीच्या आत त्याच्या हातात ठेवा. ज्या शब्दानं तुम्हाला फसवलं असतं, तोच शब्द उद्या तुमच्या काउंटरवरून निघता कामा नये.

माझा नियम

शेअर्सची किंमत शून्य धरा. मग बघा, या पगारात घर चालतंय का, दर महिन्याला थोडी बचत होतेय का, आणि इथं असं काही शिकायला मिळतंय का जे उद्या धंद्यात कामी येईल? खरेदी कशी होते, गिऱ्हाईक कसं टिकतं, पैसा कुठं अडकतो, हे छोट्या कंपनीत जवळून दिसतं आणि त्याची किंमत मोठी आहे. या तिन्हींचं उत्तर हो असेल तर बिनधास्त जा. शेअर्स वर आले तर दिवाळी. पण शेअर्सचा आकडा काढून घेतल्यावर ऑफर उभीच राहत नसेल, तर ती ऑफर नोकरीची नाही. तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागितलं जातंय. ते द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कर्ज देतोय हे समजून द्या.

कागद हातात असेल तर आजच वरचं गणित तुमच्या आकड्यांनी करा. घरच्यांना पेढ्यांच्या आधी तो हिशोब दाखवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबात करा.